पलीकडच्या गावाचा पाचवा नियम

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आधी गोड बातमी, मग माझ्या गुडघ्यांचं रडगाणं. छापखानेवाला तयार झाला! आपलं पलीकडचं गाव पुस्तकात येणार. एक्केचाळीस गोष्टी, तुझ्या बावीस, माझ्या एकोणीस, एकाच पुठ्ठ्यात. तू अकरा वर्षांची होतीस आणि मी आठ. मला शिकायला मामांकडे ठेवलं होतं, आणि तू घरून, मी तिथून, असं पत्रापत्रांतून आपण ते गाव वसवलं. तू नावाडीण आणलीस, मी दिवेवाला आणि त्याचा पांढरा कुत्रा. तू नदी काढलीस, मी घाट बांधला. अडुसष्ट वर्षं झाली, ताई. खऱ्या गावांत एवढ्या काळात किती उलथापालथ झाली! आपल्या गावात अजून दिवेवाला संध्याकाळी शिडी घेऊन निघतो.

छापखानेवाल्याची अट एकच. म्हणाला, "मास्तर, दोघांनी मिळून एका गावाबद्दल लिहिलंय. एकाच्या गोष्टीत मेलेला माणूस दुसऱ्याच्या गोष्टीत भाजी घेताना दिसायला नको. एकदा सगळं ताडून बघा." म्हणून रोज सकाळी गोष्टी काढून बसतो. कवितेच्या तासाला गुरुजी टेबलावर डस्टरने ताल धरायचे, तसा मनात ताल चालू असतो. तू वहीच्या पहिल्या पानावर केलेली कविता अजून पाठ आहे:

पलीकडच्या गावाला
कडी आतून दाराला.
हाक आली की उघडावी,
वाट द्यावी वाऱ्याला.

अकरा वर्षांच्या मुलीने केलेली! माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीत एकाही पोराने अशी चार ओळींची कविता करून दाखवली नाही.

आता काम. नावाडिणीचं म्हातारपण कुणीच लिहिलेलं नाही. ती तुझी, तेव्हा तूच लिही. दोन-तीन गोष्टी पाठव. फोनचं म्हणशील तर मला त्यात नुसता भुंगा ऐकू येतो, आणि सहा तासांची बस गुडघ्यांना झेपत नाही. तेव्हा आपलं लहानपणीचंच बरं, पत्र.

तुझा,
मास्तर

१९ नोव्हेंबर

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकाचं वाचून बरं वाटलं. मी मजेत आहे. ह्यांचा पुतण्या आणि त्याची बायको दोघंही माझी काळजी घेतात. सकाळी आठला नोकरीवर जातात, सातला येतात. माझी बोटं थरथरतात, म्हणून पत्र सूनबाई वाचून बघते आणि पाकीटही तीच चिकटवते. तेव्हा खुशाली एवढीच. बाकीचं गोष्टीत.

"नावाडिणीच्या दाराला आता कडी बाहेरून आहे. लेकाची बायको कामाला जाताना ती लावते. ताट आत ठेवलेलं असतं, सकाळचं तेच संध्याकाळचं. सुरुवातीला नावाडीण दारापाशी बसून राहायची. एकदा दुपारी कुणीतरी हाक मारली. ती म्हणाली, उघडा. बाहेरचा म्हणाला, आजी, कडी तुमच्या बाजूला असेल. ती म्हणाली, आमच्या गावात असायची."

एवढीच गोष्ट आहे. मोठी लिहवत नाही. नीट ताडून बघ.

तुझी,
ताई

मामा, सा. न. काकू छान आहेत. दिवसभर लिहीत बसतात, वेळ जातो त्यांचा. — सूनबाई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

गोष्ट वाचली आणि खुर्चीतल्या खुर्चीत उडालोच. चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत तांबडी पेन्सिल घेऊन तू दुसऱ्यांच्या चुका धरल्यास, संपादकालाही सोडलं नाहीस. आणि आता तुझीच चूक माझ्या हातात! केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

एक, आपल्या गावात कडी बाहेरून नसतेच. तुझीच कविता आहे, बाई! दोन, नावाडिणीला लेक कुठला? सातव्या गोष्टीत तू स्वतः लिहिलंयस की तिचं नावेशिवाय कुणी नाही.

पण घाबरू नकोस. सत्तरीपार झालं की व्हायचंच असं, मी कालच चष्मा लावून चष्मा शोधत होतो. मी जोडून घेतलंय. लेक म्हणजे मानलेला लेक, कुठून तरी वाहत आलेला. आणि कडी सुताराने चुकून उलटी बसवली, पुढच्याच आठवड्यात काढली. एका वाक्यात काम झालं. शेवटचं वाक्य मात्र झकास, "आमच्या गावात असायची." त्यावर तांबडी पेन्सिल लावायची माझी हिंमत नाही.

पुढची पाठव. जरा मोकळी लिही, फार कोंदट वाटते.

तुझा,
मास्तर

१६ डिसेंबर

चि. मास्तर,
आशीर्वाद.

सुतार चांगला शोधलास. मला नाही भेटला.

मी ठीक आहे. सूनबाई म्हणते की लिहायचं तर आनंदाचं लिहा, मामांना काळजी नको. बरोबरच आहे तिचं. घे गोष्ट.

"नावाडीण पायरीवरून पडली, त्याला आज अठरा दिवस झाले. उजवा पाय टेकवत नाही. जिना नको म्हणून तिला खालच्या मागच्या खोलीत आणलं, जिथे आधी रिकामे डबे आणि मोडकी खुर्ची असायची. खुर्ची अजून आहे. तिथल्या खिडकीतून नदी दिसत नाही. भिंत दिसते, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. डॉक्टर तिसऱ्या घरात राहतात. सकाळी त्यांची स्कूटर सुरू होते ती तिला ऐकू येते, संध्याकाळी बंद होते तीही ऐकू येते. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तिने सांग म्हटलं तर लेक म्हणाला, ह्या वयात हाडं अशीच असतात, पडून राहिलं की जुळतात."

ताडून बघ, मास्तर. ह्या वेळी नीट.

तुझी,
ताई

मामा, काकू घरात किरकोळ घसरल्या होत्या, आता बऱ्या आहेत. उगाच येऊन दगदग करू नका. — सूनबाई

२४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

पडलीस? सांगितलं नाहीस ते! सूनबाईने लिहिलं म्हणून कळलं. सांभाळ गं. गरम पाण्याने शेक. मीही गेल्या महिन्यात न्हाणीघरात सटकलो, पण नळाला धरलं. आपली हाडं आता जुन्या पाठ्यपुस्तकासारखी झाली आहेत, पानं आहेत पण शिवण सुटलेली.

गोष्टीबद्दल मात्र रागावणार आहे. पलीकडच्या गावात स्कूटर कुठून आली? घड्याळं सोडून आपल्या गावात एकही यंत्र नाही. आणि नावाडिणीच्या खिडकीतून नदी दिसत नाही? ताई, पहिल्या गोष्टीचं पहिलं वाक्य काय आहे? "नावाडिणीच्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीतून नावाडिणीची खिडकी." त्या वाक्यावर सगळं गाव उभं आहे. आणि आपला डॉक्टर! न बोलावता औषधाची पेटी घेऊन दारात उभा राहणारा माणूस तो. त्याला तू तिसऱ्या घरात बहिरा करून ठेवलास. बहिरा मी आहे!

जोडलंय सगळं. भिंत काढली, तिथे धुकं घातलं, त्या वर्षी दोन महिने धुकं होतं असं. डॉक्टर नावेने पलीकडच्या काठाला साथ आली म्हणून गेला होता. स्कूटरच्या जागी दिवेवाल्याची हातगाडी. आता वाचून बघ, शिवण दिसणार नाही.

छापखानेवाला म्हणतो, फेब्रुवारीअखेर सगळं हातात द्या.

तुझा,
मास्तर

१० जानेवारी

चि. मास्तर,

तू फार हुशार झालास. कुठेही भोक पडलं की ठिगळ तयार. लहानपणी इतका हुशार नव्हतास, तेव्हा बरं होतं.

आज गोष्ट नाही. दोन प्रश्न आहेत. मास्तर आहेस तर उत्तरं दे.

पहिला. आपल्या गावाचे पाच नियम सांग. आठवत नसतील तर वही तुझ्याकडे आहे, काढून बघ.

दुसरा. दिवेवाल्याचा पांढरा कुत्रा तुझ्या एका पत्रात काळा झाला होता. का?

लवकर लिही. अक्षर वाकडं आलंय, पडून लिहिते.

ताई

मामा, काकूंना हल्ली गोंधळायला होतं. तुम्ही त्यांना प्रश्न विचारता, मग त्या रात्ररात्र बडबडतात. पुस्तकाचं मनावर घेऊ नका. — सूनबाई

१८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

परीक्षा घेतेस? घे. पाटी पुसून, हात मागे बांधून उभा आहे.

नियम पहिला: एकदा लिहिलं ते खोडायचं नाही. दुसरा: ज्याने माणूस आणला त्याचा तो, दुसऱ्याने विचारून घ्यायचा. तिसरा: मेला तो मेला, परत आणायचा नाही. चौथा: आपल्या घरातलं माणूस गावात घ्यायचं नाही. (ह्या चौथ्यामुळेच गाव टिकलं, ताई. नाहीतर मामी पहिल्याच आठवड्यात चेटकीण होऊन आली असती.) पाचवा... काहीतरी वहीवर शाई न सांडण्याचा होता. बरोबर?

आणि कुत्रा! काय आठवण काढलीस! त्याला काळा केला तो दिवस डोळ्यांसमोर आहे. तू वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून आलीस, फ्रॉकला ग्रीसचा डाग. मामांच्या पायरीवर समोरासमोर बसलो, तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "काय रे, कुत्रा रंगवलास?" आणि मी रडता रडता हसलो. दोन दिवस राहिलीस. नंतर वडील मला घरी घेऊन गेले ते कायमचेच. का काळा केला म्हणतेस? पांढरी शाई नव्हती म्हणून! तेव्हाचं ऊन आठवतं गं, लिंबाच्या सालीसारखं पिवळं. तसं ऊन आता पडत नाही.

वही माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे. शिडीवर चढायला गुडघे नाही म्हणतात. शेजारचा विजेचं काम करणारा येईल तेव्हा काढायला सांगीन. घाई काय आहे?

तू मात्र गोंधळू नकोस. सूनबाई काळजीत दिसते. एखादी साधी, गोड गोष्ट लिही आणि मोकळी हो.

तुझा,
मास्तर

९ फेब्रुवारी

चि. मास्तर,

घे साधी गोष्ट.

"नावाडीण म्हातारी झाली. तिच्या खिडकीतून नदी दिसते आणि नदीतून तिची खिडकी. दाराला कडी आतून आहे. डॉक्टर न बोलावता आला, पाय बघून गेला. दिवेवाला शिडी घेऊन निघाला, पांढरा कुत्रा मागे. नावाडिणीचं कुणी नाही. तिला कुणाची हाक आली नाही, म्हणून ती उठली नाही."

आता ताडायला काही उरलं नाही.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

दहापैकी दहा! एक चूक नाही. नदी जागेवर, कडी जागेवर, कुत्रासुद्धा पांढरा. वाचताना वाटलं, आपली जुनी ताई परत आली. मधल्या दोन गोष्टींत कोण शिरलं होतं कोण जाणे. ही मी सगळ्यात शेवटी घालतो, चव्वेचाळिसावी. त्या दोन माझ्या दुरुस्त्यांसह आधी.

छापखानेवाल्याला सोमवारी देतो. पहिली प्रत हातात आली की गुडघे गेले खड्ड्यात, बसमध्ये बसतो आणि तुझ्या हातात ठेवतो. तोवर बरी हो.

तुझा,
मास्तर

३ मार्च

ती. मामांस,
सा. न.

कळवायला वाईट वाटतं की काकू २६ तारखेला दुपारी गेल्या. आम्ही दोघं कामावर होतो. संध्याकाळी आलो तेव्हा लक्षात आलं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि प्रवास झेपत नाही म्हणून आधी कळवलं नाही, सगळं आम्हीच उरकलं.

त्यांच्या सामानात कागद खूप आहेत, एक नकाशाही आहे. हवे असतील तर महिनाअखेरपर्यंत न्या. खोली रिकामी करायची आहे.

आपला,
पुतण्या

२० मार्च

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

पुतण्याचं पत्र आलं त्या दिवशी वही काढायला शिडीवर चढलो. चढता आलं. गुडघे दुखले, पण चढता आलं. म्हटलं तुझं जाणं वहीत लिहावं, कारण आपण दोघांनी मिळून एवढं एकच रजिस्टर ठेवलं. पहिलं पान उघडलं. कविता तुझ्या अक्षरात. त्याखाली चार नियम तुझ्या अक्षरात. पाचवा माझ्या.

"५) दोगांच्या गोष्टीत फरक पडला तर तो पत्राने मिटवायचा नाही. ज्याला फरक दिसेल त्याने लगेच दुसऱ्याच्या घरी जायचं आणि समोर बसून मिटवायचा."

आठ वर्षांचा होतो. मामा मला अंधाऱ्या कोठीत बसवायचे आणि घरी जाणारं पत्र वाचून बघायचे. म्हणून हा नियम मी मागून घेतला होता, तुझ्याकडून, सुट्टी संपून परत जाताना. आणि महिन्याभराने कुत्रा काळा केला. त्या पत्रात बाकी सगळं "मी मजेत आहे" होतं. तुला पत्र मिळालं आणि तू वडिलांना म्हणालीस, आत्ताच्या आत्ता सायकल काढा. माझ्या एका चुकीवर तू आलीस, ताई. मी तुझ्या चुका मोजल्या. पाच होत्या.

मला ऊन आठवलं, सायकल आठवली, ग्रीसचा डाग आठवला. कोठी आठवली नाही.

बसने आलो. सहा तास. काही झालं नाही मला.

आता तुझ्या खोलीत बसून लिहितोय. मोडकी खुर्ची आहे, तिच्यावर मी. समोर तुझी खाट. खिडकीतून हात बाहेर काढला, भिंतीला लागला. दाराला कडी बाहेरून. नवी आहे, चार स्क्रू, त्यातला एक बसवलेलाच नाही. पुतण्या म्हणाला, "मामा, तुम्हाला कल्पना नाही. एकदा गेटपर्यंत गेल्या होत्या. काही झालं असतं तर लोक आम्हालाच बोलले असते. त्यांच्या भल्यासाठीच होतं." सूनबाई म्हणाली, "मी पत्रं कधी अडवली का? एकही नाही अडवलं. गोष्टीच तर होत्या." खरं आहे तिचं. पत्रं सगळी पोचली.

तिसऱ्या घरी गेलो. डॉक्टर स्कूटर पुसत होते. मला ऐकू यावं म्हणून त्यांना ओरडून ओरडून बोलावं लागलं. म्हणाले, मला वाटलं त्या तुमच्याकडे राहायला गेल्या. मग चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, तुझी-माझी पत्रं वाचली. वाचून झाल्यावर माझ्या वहीवर लिहून दाखवलं, कारण मला ऐकू येईना: "आजोबा, ह्या तर गोष्टी आहेत. आणि उत्तरात तुम्हीच लिहिलंय की कडी आतून आहे, डॉक्टर चांगला आहे, भिंत नाही."

माझी पत्रं तुझ्या गादीखाली सापडली होती. तुझी तांबडी पेन्सिल बोटभर उरलेली. सुतार खोडलाय. धुकं खोडलंय. साथीला गेलेला डॉक्टर खोडलाय. प्रत्येक ठिगळावर कचेरीतली ती तुझी काढून टाकायची खूण, आणि समासात एकच आकडा: ५. ५. ५. "घाई काय आहे" ह्याखाली दोन रेघा. आणि शेवटच्या पत्रावर, दहापैकी दहावर, काहीच खोडलेलं नाही. कोपऱ्यात फक्त तू शेवटच्या प्रुफावर लिहायचीस तो शब्द: "छापा."

पुतण्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. तो म्हणाला, "मामा, आता काढून काय करणार?" काढली. तीनच स्क्रू होते, पण माझ्या हाताला अर्धा तास लागला. खिशात आहे. चालताना मांडीला लागते.

हे पुढचं घरी परतून लिहितोय. तिसरा नियम मी पाळीन. मेला तो मेला, परत आणायचा नाही. पण पहिलाही पाळणार, एकदा लिहिलं ते खोडायचं नाही. छापखान्यात गेलो आणि माझ्या दुरुस्त्या सगळ्या काढून घेतल्या. तुझ्या दोन गोष्टी जशा आल्या तशा जातील. कडी बाहेरून, भिंत हाताला लागेल अशी, स्कूटर सुरू आणि बंद. तुझी ती बिनचूक गोष्ट मी घेतलेली नाही. ताई, शेवटच्या प्रुफावरचा तुझा शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोडतोय.

तिच्या जागी माझी एक लिहिली, चार ओळींची. दिवेवाला शिडी घेऊन निघतो, मागे त्याचा काळा कुत्रा.

छापखानेवाल्याने लगेच पकडलं. कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: "मास्तर, चूक राहिली. एक्केचाळीस गोष्टींत कुत्रा पांढरा आहे."

म्हटलं, राहू दे. तिला कळेल.

तुझा,
मास्तर